मंडळाची पूर टीम सांभाळायचीय? मग ध्रुवावर फसलेल्या मोहिमा बघा

कृष्णा चढायला लागली की सांगलीत सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा फिरतो, आयर्विन पुलाची पातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेलेली हे इथल्या शाळकरी पोरांना पण पाठ आहे. २००५, २०१९, २०२१, दर वेळी एनडीआरएफच्या बोटी येईपर्यंत आणि आल्यावर सुद्धा गल्लीबोळातनं माणसं काढायला मंडळाची पोरंच पुढं असतात, गावाकडं तर गुळाच्या काहिलीत बसवून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलंय लोकांनी. हे लिहितोय ते अशा पोरांचा जो म्होरक्या असतो त्याच्यासाठी. पावती पुस्तकावरचा अध्यक्ष तोच असेल असं नाही, पाणी आलं की बाकीचे ज्याच्या तोंडाकडं बघतात तो.

ध्रुवीय मोहिमांवर मिळेल ते वाचायचा मला नाद आहे, त्यातही ज्या फसल्या त्या मोहिमा, आणि पूर आला की मंडळात मी असतोच, त्यामुळं वाचताना सारखं आपल्याकडचंच डोळ्यासमोर येतं. छोटी टीम, मोजकं सामान, बाहेरची मदत कधी पोचेल याचा भरवसा नाही आणि परत यायची वाट तासातासाला बदलतेय, परिस्थिती तीच. फरक एवढाच की त्या लोकांनी रोजच्या रोज डायऱ्या लिहिल्या, मरायच्या आदल्या दिवसापर्यंत लिहिल्या, म्हणून कुठल्या तारखेला कुणाचा कुठला निर्णय चुकला ते शंभर वर्षांनी पण सापडतं. आपल्याकडं पूर ओसरला की सगळं तोंडी, पुढच्या पुराला नवीन पोरं, परत पहिल्यापासून.

एवढं वाचून माझं मत असं झालंय की म्होरक्या वादळात चुकतो ते थोडं, बराचसा तो आधीच चुकलेला असतो, सगळं ठीक चाललेलं असताना. म्हणून खालचं बहुतेक काम मे महिन्यात, कोरड्या जागेवर बसून करायचं आहे.

आकडा आधी ठरवा

इंग्रजांचा रॉबर्ट स्कॉट १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरनं परत येताना मेला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या मरणाची एक तारीख वर्षभर आधीची आहे. फेब्रुवारी १९११ मध्ये तो परतीच्या वाटेवर अन्न आणि रॉकेलचा साठा ठेवायला गेला होता, मोठा साठा, जवळपास एक टन. ठरलं होतं ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचा (आकडा जितका मोठा तितका ध्रुव जवळ). तट्टं थकली, हवा खराब झाली, आणि साठा ७९ अंश २९ मिनिटांवरच ठेवला, म्हणजे ३१ सागरी मैल अलीकडं. तट्टांची जबाबदारी असलेला लॉरेन्स ओट्स तिथंच म्हणत होता की तट्टं मेली तरी चालतील, पुढं जाऊया. स्कॉटला जनावरांचे हाल बघवेनात, त्यानं ऐकलं नाही. पुढच्या वर्षी मार्चच्या शेवटी स्कॉट आणि त्याचे सोबती विल्सन आणि बॉवर्स तंबूत वादळात अडकून गेले तेव्हा तो साठा त्यांच्यापासून ११ मैलांवर होता. ओट्स त्याच्या आधीच, पाय गोठलेले, आपल्यामुळं बाकीच्यांना उशीर होतोय म्हणून तंबूतनं उठून बर्फात निघून गेला होता.

स्कॉट वाईट माणूस अजिबात नव्हता, त्या दिवशी त्यानं दयाच दाखवली. पण ठरवलेला आकडा जागेवर उभं राहून बदलला की त्याची किंमत कधी आणि कुणाला द्यावी लागेल ते त्या जागेवरनं दिसत नाही.

आता शॅकलटन बघा, तो पण दक्षिण ध्रुवाकडं निघालेला. ९ जानेवारी १९०९, ध्रुव फक्त ९७ सागरी मैल राहिलेला, तोपर्यंत इतकं दक्षिणेला कुणीही गेलं नव्हतं, आणि हा माणूस तिथनं मागं फिरला, कारण उरलेलं अन्न आणि उरलेली वाट यांचा हिशोब जुळत नव्हता. पुढं गेले असते तर पोचले असते कदाचित, परत आले नसते. चौघंही जिवंत परत आले. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच, पुढच्या मोहिमेत तो मदत आणायला बोटीनं गेला तो प्रवास बऱ्याच जणांना माहीत असतो पण हा जास्त अवघड होता.

आपल्याकडं हे कसं करायचं? तर आयर्विनचा आकडा आणि आपली गल्ली यांची जोडणी करायची. आयर्विनला अमुक फूट असताना आपल्या चौकात पाणी कुठं असतं, हे गावभागात, मारुती चौकात, दत्तनगर काकानगरकडं, सांगलीवाडीत जुनी माणसं बरोबर सांगतात. 'त्रेचाळीसला आमच्या खालच्या पायरीला लागतंय बघ, पंचेचाळीसला उंबऱ्याला' असं एखादी आजी सांगते ती वही पेन घेऊन लिहून घ्या, दोनतीन घरांत विचारून ताडून बघा आणि विजेच्या खांबावर नको, एखाद्या पक्क्या भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारून आकडा लिहा. मग प्रत्येक आकड्यापुढं काम लिहायचं. या रेघेला अंथरुणावरची माणसं, गरोदर बायका, जनावरं हलवायची. या रेघेला प्रत्येक घरातनं सगळे बाहेर. या रेघेच्या वर आपली बोट प्रवाहाच्या बाजूला जाणार नाही, ते काम एनडीआरएफचं. आणि दिवस मावळायच्या एक तास आधी शेवटची फेरी, मग कुणाचाही फोन येऊ दे. फोन आला तर नंबर आणि पत्ता कंट्रोल रूमला द्यायचा, आपली पोरं अंधारात घालायची नाहीत.

हा कागद लॅमिनेट करून चौकात लावा. लोकांसमोर लावलेला असला की ऐनवेळी बदलायचा मोह कमी होतो, आणि म्होरक्यानं स्वतः मोडला तर त्याला अडवायचा हक्क सगळ्यांना मिळतो. कोयनेतनं किती सोडलंय, वारणेला किती आहे, पाऊस लागलाय का, हे बघून आकडा यायच्या आधी हलायला काहीच हरकत नाही. आकडा आल्यावर थांबायला मात्र परवानगी नाही.

बोटीत एक जास्त

स्कॉटची सगळी आखणी चार माणसांच्या टीमची होती. तंबू चौघांचा, अन्नाच्या पिशव्या चौघांच्या हिशोबानं बांधलेल्या. जानेवारी १९१२ च्या सुरुवातीला, शेवटच्या टप्प्यावर, त्यानं ऐनवेळी पाचवा माणूस घेतला, बॉवर्स. बॉवर्स अतिशय ताकदीचा आणि भला माणूस, पण त्याच्या स्की, म्हणजे बर्फावर घसरत जायच्या पट्ट्या, काही दिवस आधी मागं ठेवून आलेले, त्यामुळं तो चालत आणि बाकीचे चौघं स्कीवर. पाच जणांचा स्वयंपाक व्हायला रोज जास्त वेळ, जास्त रॉकेल. आणि याची दुसरी बाजू कमी लोक बोलतात, ती अशी की परत पाठवलेल्या टीममध्ये आता चारच्या जागी तिघंच राहिले, टेडी इव्हान्स, लॅशली आणि टॉम क्रीन. इव्हान्सला वाटेत स्कर्व्ही झाला, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्यानं होणारा आजार, उभं राहता येईना, दोघांनी त्याला स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, घालून ओढला, शेवटी क्रीन एकटा सुमारे ३५ मैल चालत गेला आणि मदत आणली म्हणून तो वाचला.

एक माणूस वाढला तर दोन टीमचं गणित बिघडलं.

आपल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती, बायका होत्या, लहान मुलं होती. त्या घरांचं दुःख मोठं आहे, त्यावर इथं बसून काही बोलायचा मला अधिकार नाही. मी फक्त एवढंच म्हणेन की बोट काठाला लागल्यावर माणूस मोजायचा म्हटलं तर मोजता येत नाही. पाणी गुडघ्यावरनं मांडीपर्यंत आलेलं असतं, मागनं लोक रेटत असतात, एखादा दादा पोराला वर धरून म्हणत असतो 'एवढ्या बारक्याचं काय वजन हाय ओ, घ्या की', त्याच्यामागं कुणी सिलेंडर घेऊन, कुणी शेळी घेऊन. त्या वेळी म्होरक्याचं मन घट्ट राहील असं समजू नका. कुणाचंच राहत नाही.

म्हणून निर्णय आधी बोटीवरच रंगानं लिहून ठेवायचा. आत आणि बाहेर, मोठ्या आकड्यात, चालवणारा धरून किती. लाईफ जॅकेट जितकी तितकीच माणसं, हा दुसरा नियम, यात पहिल्यापेक्षा कमी आकडा येत असेल तर कमी तोच खरा. सामान नाही, फक्त औषधं आणि कागदपत्रांची पिशवी. आणि शेवटचा शब्द बोट चालवणाऱ्याचा, तो 'बास' म्हणाला की म्होरक्यानं पण त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. काठावर एक माणूस वही घेऊन उभा हवा, जो लोकांना सांगतो 'बोट परत येतीया, तुमचा नंबर लिहिलाय'. परत येणार याची खात्री दिली ना की रेटारेटी निम्मी कमी होते, आणि हे काम आवाज मोठा असलेल्याला न देता ज्याला गल्लीतली सगळी घरं नावानं माहीत आहेत त्याला द्या.

नाही म्हणणारा माणूस जपा

स्वीडनचा आंद्रे नावाचा इंजिनिअर हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुवावर जायला निघाला होता. १८९६ ला पहिला प्रयत्न वाऱ्यामुळं रद्द झाला. त्याच्या टीममधला हवामानाचा जाणकार एकहोल्म, त्यानं बलूनमधून गॅस किती गळतोय ते तपासलं आणि सांगितलं की हे ध्रुवापर्यंत टिकणार नाही. नंतर त्याला कळलं की आंद्रे गुपचूप वरचेवर गॅस भरून घेत होता, म्हणजे गळती दिसत होती त्यापेक्षा जास्त. एकहोल्म बाजूला झाला. आंद्रेनं त्याच्या जागी दुसरा तरुण घेतला, १८९७ च्या जुलैमध्ये तिघं उडाले, तीन दिवसांच्या आत बर्फावर उतरावं लागलं, आणि चालत चालत एका ओसाड बेटावर पोचून मेले. त्यांचे अवशेष सापडले १९३० ला.

आंद्रेला गळती माहीत नव्हती असं नाही. पण राजानं पैसे दिलेले, पेपरात रोज बातम्या, निरोप समारंभ झालेले, आता नाही कसं म्हणायचं.

जिंकणारे पण यात चुकतात. नॉर्वेचा आमुंडसेन, स्कॉटच्या आधी ध्रुवावर पोचलेला, सगळे त्याच्या शिस्तीचं उदाहरण देतात. सप्टेंबर १९११ ला तो घाईनं लवकर निघाला, थंडी सोसेना म्हणून परत फिरला आणि शेवटच्या दिवशी स्वतः पुढं निघून गेला, मागं राहिलेल्या प्रेस्ट्रुडला टीममधल्याच योहान्सेननं मरता मरता तळावर आणला. दुसऱ्या दिवशी योहान्सेननं सगळ्यांसमोर त्याला सुनावलं की म्होरक्या असं माणसं टाकून जात नाही. खरं होतं ते. आमुंडसेननं त्याला ध्रुवाच्या टीममधनं काढून टाकलं. मला आमुंडसेनच्या तयारीचं फार कौतुक आहे, पण हे वागणं कुणी उचलू नये.

मंडळात काय करायचं, तर बैठकीत म्होरक्यानं आपलं मत शेवटी सांगायचं. आधी सगळ्यात लहान पोराला विचारायचं, 'तुला कशाची भीती वाटतीय?' असं. धाडस किती आहे ते विचारू नका, ते सगळ्यांनाच असतं, विसाव्या वर्षी तर जास्तच. आणि एकाला नेमूनच टाका की प्रत्येक फेरीच्या आधी याचं काम फक्त न जायचं कारण शोधणं. त्याला भित्रा म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवायचं. बातमीसाठी, रीलसाठी, कुठला पुढारी बघायला आलाय म्हणून एकही जादा फेरी मारायची नाही.

निरोप एकाच वहीत

यावर मला जास्त बोलायचंय कारण आपली सगळ्यात मोठी गडबड इथंच होते.

स्कॉटनं परतीच्या वेळी कुत्र्यांच्या स्लेजनं समोर यावं असं सांगितलं होतं. पण कुत्र्यांबद्दलच्या सूचना त्यानं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या दिल्या, कधी लेखी, कधी परत जाणाऱ्या टीमकडं तोंडी. शेवटची सूचना टेडी इव्हान्सकडं दिली, तो स्वतःच मरणाच्या दारात परत आला. जो डॉक्टर ॲटकिन्सन कुत्री घेऊन जाणार होता तो इव्हान्सवर उपचार करत बसला. मग पाठवलं कुणाला, तर चेरी-गॅरार्डला, ज्याची नजर अधू आणि दिशा काढायचं शिक्षण नाही, आणि त्याला सांगितलेलं की कुत्री धोक्यात घालू नको. तो मार्चच्या सुरुवातीला त्या एक टनाच्या साठ्यावर पोचला. तिथं कुत्र्यांचं जे खाणं ठेवायचं ठरलं होतं ते कुणी ठेवलंच नव्हतं. वादळात थांबला आणि १० मार्चला मागं फिरला. स्कॉट तेव्हा जिवंत होता, त्याच वाटेवर दक्षिणेला, चालत. चेरी-गॅरार्डनं आयुष्यभर ते मनावर घेतलं, पण मला विचाराल तर त्यानं सांगितलेलं केलं, गोंधळ वरनं आलेला होता.

आता आपला व्हॉट्सअॅप ग्रुप आठवा. 'सूर्यवंशी प्लॉटला तिसऱ्या मजल्यावर सहा जण अडकलेत, अर्जंट, फॉरवर्ड करा.' वेळ नाही, तारीख नाही, नाव नाही. तो मेसेज चार ग्रुपवरनं फिरून परत येतो तेव्हा ती माणसं पाहुण्याच्या घरी मिरजेला जेवायला बसलेली असतात आणि आपली बोट तिकडं.

तर वही एक. काठावरच्या माणसाकडं, प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक निरोपाला वेळ, कुणी दिला, मोबाईल नंबर, किती माणसं, कोण आजारी. बोट पाठवायच्या आधी त्या नंबरवर फोन करून खात्री. काम झालं की आडवी रेघ आणि ग्रुपवर 'काढले, पत्ता अमुक, वेळ अमुक' हा मेसेज, नाहीतर तो निरोप मरत नाही. म्होरक्यानं सूचना बदलली तर जुनी सूचना मोठ्यानं रद्द करायची, 'मघाशी म्हणलो ते सोडा, आता असं' हे बोलून, आणि ऐकणाऱ्यानं ती परत बोलून दाखवायची. पोरं सुरुवातीला लाजतात, नंतर सवय होते. म्होरक्या स्वतः बोटीत गेला तर मागं कोण ठरवणार त्याचं नाव वहीत पहिल्या पानावर असलं पाहिजे, खरं तर त्यानं बोटीत जाऊच नये, काठावर थांबावं.

डबे आणि खुणा

स्कॉटच्या रॉकेलच्या डब्यांना चामड्याचे वॉशर होते, थंडीत त्यातनं रॉकेल उडून गेलं आणि परतीच्या वाटेवर डबे अर्धवट सापडले. आमुंडसेननं डबे झाळून घेतले होते. तुमच्या बोटीच्या मशीनचं पेट्रोल कुठल्या कॅनमध्ये आहे, त्याचं झाकण आता बघा, दोरी हातानं ओढून बघा, जॅकेटचे बंद बघा, मशीन चालू करून बघा. पूर आल्यावर बघायची ही गोष्ट नव्हे.

आमुंडसेननं साठ्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रांगेत काळे झेंडे लावले होते, धुक्यात चुकून बाजूनं गेलो तरी एखादा झेंडा दिसेल म्हणून. आपल्याकडं पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, उघडं चेंबर, विहीर, गटार, कंपाऊंडचे भाले. पाणी चढायच्या आधी तिथं उंच बांबू आणि लाल कापड बांधून ठेवा. डीपी कुठं आहेत त्याची यादी महावितरणच्या माणसाबरोबर फिरून करा आणि लाईन बंद केल्याची खात्री फोनवर घेतल्याशिवाय त्या गल्लीत बोट नाही.

कुरकुर करणारा जवळ ठेवा

१९१५ ला शॅकलटनचं जहाज बर्फात चिरडलं, २८ माणसं बर्फावर. सामान टाकून द्यायला लावलं तेव्हा त्यानं हसी नावाच्या सोबत्याचा बँजो, ते वाजवायचं वाद्य, मात्र ठेवायला लावला. झोपायच्या पिशव्या वाटल्या तेव्हा उबदार कातड्याच्या पिशव्या खलाशांना गेल्या, लोकरीच्या स्वतःला आणि अधिकाऱ्यांना. आणि जे कुरकुर करणारे, फूट पाडतील असे वाटत होते त्यांना त्यानं आपल्या स्वतःच्या तंबूत घेतलं. बोट घेऊन मदत आणायला निघाला तेव्हा भांडलेला सुतार मॅकनिश पण बरोबर घेतला, त्याच्या हातात कसब होतं आणि मागं राहिला असता तर बाकीच्यांचं मन बिघडवलं असतं. २८ च्या २८ वाचले.

मंडळात असा एक असतोच. त्याला ग्रुपमधनं काढू नका, आपल्या शेजारी उभा करा, जबाबदारीचं काम द्या. पुरातल्या शाळेतल्या निवारा केंद्रात जेवण वाटताना म्होरक्यानं शेवटी जेवायचं आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना दिसेल असं. पोरांना झोपवायचं, आळीपाळीनं, जबरदस्तीनं, कारण तिसऱ्या दिवशी डोळे लाल झालेल्या पोराचा निर्णय दारू प्यालेल्यासारखाच असतो. रात्री हलगी असेल तर हलगी, भजन असेल तर भजन, लोकांना बसवा एकत्र.

फक्त एक गोष्ट नेहमी सुटते. शॅकलटनचे सगळे वाचले म्हणतात, पण त्याच मोहिमेची दुसरी तुकडी अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला होती, त्याच्यासाठी साठे ठेवत. त्यांचं जहाज वादळात सामानासकट वाहून गेलं, दहा जण काठावर अडकले, आणि तरी त्यांनी साठे ठेवले, जो माणूस कधी येणारच नव्हता त्याच्यासाठी. त्यातले तिघं मेले. आपल्या टीममध्ये पण बोटीवरची पोरं सगळ्यांना दिसतात, निवारा केंद्रात भात शिजवणाऱ्या बायका, औषधं आणायला विश्रामबागला चिखलातनं जाणारा, जनावरांना वैरण पुरवणारा, हे दिसत नाहीत. रोज संध्याकाळी म्होरक्यानं आधी त्यांच्याकडं जायचं.

पाणी उतरताना

शॅकलटनच्या दुसऱ्या तुकडीतले जे तिघं मेले त्यांतला एक स्कर्व्हीनं गेला. उरलेले दोघं, मॅकिंटॉश आणि हेवर्ड, त्याच आजारातनं वाचले, झोपडीत पोचले, सीलचं मांस खाऊन बरे झाले. मुख्य तळ समुद्राच्या बर्फावरनं सुमारे १३ मैल राहिलेला. ८ मे १९१६ ला दोघं निघाले. तुकडीतला जॉइस आणि बाकीचे सांगत होते, बर्फ पातळ आहे, थांबा. थोड्या वेळात वादळ सुटलं आणि ते दोघं परत कुणाला दिसले नाहीत. मागं राहिलेले तिघं थांबले आणि जुलैच्या मध्याला बर्फ घट्ट झाल्यावर सुखरूप चालत गेले.

वर्षभर सोसलं आणि शेवटच्या तेरा मैलांना दम निघाला नाही. हे वाचताना मला दर वेळी पाणी उतरतानाची सांगली दिसते. आयर्विन ४५ च्या खाली आली की माणसं चिखलातनं घराकडं पळत सुटतात, साहजिक आहे, घर आहे ते. पण साप त्याच वेळी कपाटात, माळ्यावर असतात, मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या असतात आणि उतरल्यावर बसतात, आणि मीटरच्या पेटीत पाणी गेलेलं असतं.

म्हणून टीम पाणी ओसरलं म्हणून सोडायची नाही, त्या दिवशी उलट सगळे हजर. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला दोन पोरं, घरात एकदम कुणालाच सोडायचं नाही. आधी खांबावरनं लाईन बंद आहे का ते महावितरणकडनं, मग बाहेरनं भिंतीला तडे, फुगवटा बघायचा, मातीचं घर असेल तर त्या दिवशी आत जायचंच नाही. मग काठी आणि बॅटरी घेऊन एक जण, गमबूट घालून, दार पूर्ण उघडून थोडा वेळ थांबून आत. मेन स्विचला ओल्या हातानं हात लावायचा नाही, वायरमन येऊन तपासेपर्यंत घरात लाईट नाही. पायाला जखम असलेल्यानं चिखलात उतरायचं नाही आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुरानंतर येणारा ताप) गोळ्यांचं आरोग्य केंद्रात विचारून घ्यायचं. सर्पमित्राचा नंबर वहीच्या मागच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा.